टाकीतले दीड लिटर रॉकेल

फेब्रुवारी २०२१ मध्ये, मोठे बर्फ पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी बर्फ उडवणाऱ्या यंत्राच्या टाकीत दीड लिटर रॉकेल ओतले. ते पेट्रोल आहे अशी माझी समजूत होती. यंत्र दीड मिनिट चालले आणि बंद पडले. आमचे भाड्याचे घर बाडहूव्हडॉर्प या डच गावाच्या पलीकडे, सपाट शेतांमधून जाणाऱ्या एका खासगी वाटेच्या टोकाला होते. वाट चारशे मीटर लांब, तिच्यावर गुडघाभर बर्फ. घरात माझा नवरा सुहास सिलिंडरमधल्या ऑक्सिजनवर होता, आणि सिलिंडर दुपारी चारच्या सुमारास संपणार होता.

ऑक्टोबर संपता संपता इथे घड्याळे एक तास मागे जातात. तो रविवार मी आता त्या यंत्रासाठी राखून ठेवते. टाकीत थोडे ताजे पेट्रोल घालायचे, पाच मिनिटे चालवायचे, मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन तसेच चालू ठेवायचे, कार्ब्युरेटरच्या वाटीतला शेवटचा थेंब जळेपर्यंत. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते, पाणी वाटीच्या तळाशी बसते, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलची राळ होऊन सुईएवढी भोके बुजतात. म्हणून वाटी कोरडी ठेवायची. हे सगळे आता मला पाठ आहे. जे अजून जमत नाही ते शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे. पेट्रोल संपत आले की इंजिन मंदावत नाही. आधी त्याचा आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो, धाप लागल्यासारखा, आणि मग एकदम थांबतो. त्या अर्ध्या मिनिटात मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहते.

त्या रविवारी बर्फ वरून पडले नाही, बाजूने आले. या भागात वाऱ्याला अडवणारे काही नाही. शेत, पाण्याचा चर, रस्ता, पुन्हा शेत. दुपारपर्यंत चर आणि रस्ता एका पातळीला आले आणि कुठे काय संपते हे कळेनासे झाले. विमानतळ जवळच आहे, एरवी दर दोन-तीन मिनिटांनी घरावरून विमान जाते; महामारीच्या वर्षभरात ती कमी झालीच होती, त्या दिवशी एकही गेले नाही. घरात एकच आवाज होता, ऑक्सिजन तयार करणाऱ्या यंत्राचा. ते हवा आत ओढे, थोडे थांबे, फुस्स करून सोडे. शुक्रवारी सुहासला नऊ दिवसांनी इस्पितळातून घरी सोडले होते ते या यंत्राच्या भरवशावर. इस्पितळाला खाट दुसऱ्या पेशंटसाठी हवी होती. मिनिटाला दोन लिटर, नाकात नळी, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि यंत्र बिघडलेच तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर. खोलीच्या दारावर लावायला एक कागदही दिला होता. त्यावर पेटत्या काडीचे चित्र आणि त्यावर लाल रेघ.

सोमवारी सकाळी सात चाळीसला यंत्रावरचा पिवळा दिवा लागला आणि ते बारीक आवाजात पी पी करू लागले.

ऑक्सिजन पुरवणाऱ्या कंपनीच्या बाईंचा आवाज शांत होता. सिलिंडर लावा, प्रवाहाची चावी दोनवर ठेवा, आठ तास पुरेल. नवे यंत्र घेऊन गाडी निघेल, दोन ते चारच्या दरम्यान पोहोचेल. मग त्यांनी विचारले, "घरापर्यंत गाडी येते ना?"

"आज नाही येणार. चारशे मीटर बर्फ आहे."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला. "चालक प्रयत्न करील. पण यंत्र जड आहे आणि त्याच्याकडे आज इतर पेशंटही आहेत. मी वचन देऊ शकत नाही, मॅडम."

मी फॅमिली डॉक्टरकडे फोन केला. इथे त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. त्यांच्या सहायक बाई म्हणाल्या, बोटावरचा आकडा नव्वदच्या खाली गेला तर तातडीच्या मदतीचा एकशे बारा नंबर फिरवा, ते काहीही करून येतील. किती वेळात, असे मी विचारले. आज सांगता येत नाही, असे उत्तर आले. वाटेच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर पहाटेपासून पालिकेच्या कामावर मुख्य रस्त्यावर होता. अंधार पडायच्या आत येतो, म्हणाला. अंधार साडेपाचनंतर पडायचा. त्या वेळी बोटावरचा आकडा त्र्याण्णव होता. सुहासचा आजार मलाही होऊन गेला होता, फक्त मला इस्पितळ लागले नव्हते. मी फावडे घेऊन अकरा मिनिटे बर्फ ओढले. एका पलंगाएवढी जागा मोकळी झाली आणि मी तिच्यातच खाली बसले. छातीचे ठोके कानात ऐकू येत होते.

घरात परत आले तेव्हा सुहास खिडकीशी उशांना टेकून बसला होता. त्याला तीन-चार शब्दांच्या वर एका दमात बोलता येत नसे.

"शेडमध्ये ते लाल... यंत्र आहे ना."

"घरमालकांचं? ते आपण कधी चालू केलंय?"

"कधीच नाही." श्वास. "म्हणूनच... चांगलं असेल."

"पेट्रोल?"

"डबा आहे. फळीवर."

घरमालक दर हिवाळ्यात स्पेनला जातात. कधीतरी एका बर्फाळ वर्षानंतर त्यांनी हौसेने घेतलेले ते यंत्र, दोन चाके, पुढे लोखंडी पाती, वर बर्फ फेकणारे धुराडे. शेडमधल्या फळीवर एकच डबा होता. निळा, पाच लिटरचा, जवळजवळ भरलेला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, पेट्रोलियम.

त्या डब्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. नऊ वर्षे या देशात राहून पेट्रोलला इथे बेन्झिने म्हणतात हे मला ठाऊक होते. पण ते पंपाच्या पाटीवर. मी गाडी चालवत नाही, सायकलवर फिरते. तो शब्द माझ्या हातातून कधी गेलेला नव्हता. सुहास "पेट्रोल" म्हणाला, डब्यावर पेट्रोलची अक्षरे होती, आणि उरलेले "ियम" शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातून ओळखीचे होते. डच भाषेत पेट्रोलियम म्हणजे दिव्यात आणि हीटरमध्ये घालायचे तेल. आमच्या आधीच्या भाडेकरूंचे मागे काचघर होते, त्यातल्या हीटरचा तो डबा. त्या द्रवाला मी लहानपणापासून रॉकेल म्हणते, माझी आई घासलेट म्हणे, शिधापत्रिकेवर केरोसीन लिहिलेले असे. तीन नावे ठाऊक असलेल्या वस्तूचे चौथे नाव मला वाचता आले नाही.

नाव चुकले तरी वासाने सांगितले असते. झाकण उघडल्यावर रॉकेल न ओळखणारा माझ्या वयाचा मराठी माणूस नसेल. पण जानेवारीच्या मध्यापासून मला कशाचाच वास येत नव्हता. सुहासलाही नाही. मी झाकण उघडले, सवयीने नाक जवळ नेले आणि ओतले.

यंत्र दुसऱ्या ओढीला सुरू झाले. कार्ब्युरेटरच्या वाटीत जुने पेट्रोल थोडे शिल्लक असणार, त्यावर. मी शेडबाहेर सात-आठ पावले ढकलले. बर्फाची एक कमान उजवीकडे उडाली. मग आवाज बसला, धुराड्याखालच्या नळीतून करडा-पांढरा दाट धूर आला, आणि यंत्र दोन आचके देऊन गप्प झाले. एवढी शांतता त्या आधी कधी ऐकली नव्हती.

मी फोन स्पीकरवर ठेवून खिडकीखाली उभी राहिले. आत जाता येत नव्हते, ते का हे पुढे सांगते. काचेच्या पलीकडून सुहास सूचना देत होता.

"चोक."

"ओढला."

"कॉक."

"चालू आहे. बंद करून पुन्हा चालू केला."

"प्लग काढ... पूस."

प्लग ओला होता. पुसला, लावला. दोरी वीस वेळा ओढली. वीस हा आकडा नक्की आहे, कारण दर पाच ओढींनंतर मला वाकून उभे राहावे लागत होते.

"स्कूटर समज," सुहास म्हणाला. थांबला. "आडवी कर."

पुण्यात ज्यांनी स्कूटर चालवली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. स्कूटर सुरू झाली नाही की तिला एका अंगावर कलती करायची, पोटातले पेट्रोल हलले की सरळ करून किक मारायची. मी ते माझ्याहून जड यंत्र एका चाकावर कलते केले. टाकीच्या झाकणातून धार लागली आणि कोपरापर्यंत माझी बाही भिजली.

आता आत न जाण्याचे कारण. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे पेट्रोल लागलेला कपडा नेऊ नये. ऑक्सिजन कपड्यांत, केसांत, पांघरुणात साचून राहतो आणि मग ठिणगी पुरते. शुक्रवारी आलेल्या परिचारिकेने हे दोनदा सांगितले होते. माझी अडचण अशी की, हात स्वच्छ झाले की नाही हे मला कळणार नव्हते. साबणाने धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा भांडी घासायच्या द्रवाने धुतले, नाकाशी नेले. काही नाही. पहिल्या धुण्याच्या आधीही काही नव्हते. घरात दुसरे नाकही नव्हते. सिलिंडरचा काटा बघायला जायचे तेव्हा मी बाहेरचे कपडे शेडमध्ये सोडून, आतल्या कपड्यांवर बर्फातून धावत मागच्या दाराने शिरत होते, खोलीच्या उंबऱ्यावर थांबून काटा लांबूनच वाचत होते. साडेदहाला काटा दोन तृतीयांशावर होता. बोटावरचा आकडा सुहासने हात वर करून दाखवला. ब्याण्णव.

मला अजूनही रात्रंदिवस वाटते की मी त्या उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकले होते. टाकले नव्हते. फरशीवरच्या ओल्या पावलांचा मी त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. ती उंबऱ्याशी थांबतात.

दहा पन्नासला मुलीचा संदेश आला. ती मास्ट्रिख्टला शिकते. मराठी समजते, लिहिते डचमध्ये. बाबा कसे आहेत, असे विचारले होते. मी लिहिले, "ठीक. झोपलाय." मी अकरा वर्षे एका मराठी दैनिकात बातम्या तपासण्याचे काम केले. पुष्टी नसलेली बातमी मी पुढे पाठवली ती ही पहिली.

पाण्याच्या चरापलीकडे, आमच्याच वाटेवर, दुसरे घर हेंकचे आहे. चरावर त्याचा लहान लाकडी पूल. हेंक तेव्हा शहात्तर वर्षांचा होता, हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झालेला, आणि उमेदीची सगळी वर्षे विमानतळावरच्या बर्फ काढणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवलेला. महामारी सुरू झाल्यापासून तो कोणाच्या तीन मीटर जवळ गेला नव्हता. सरकारी नियम दीड मीटरचा होता. हेंकने तो दुप्पट केला होता. सव्वाअकराला तो पुलाच्या पलीकडच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

"बूरव्राउ!" तो मला याच नावाने हाक मारतो, शेजारीण असा त्याचा अर्थ. "ते तू आडवं कशाला पाडत होतीस?"

"आमच्याकडे असं करतात."

"आणि मग चालू होतं?"

"कधी कधी."

"ही यंत्रं दहा वर्षांत तीनदा लागतात," हेंक म्हणाला, "आणि तिन्ही वेळा चालू होत नाहीत. काय करतंय?"

मी सांगितले. दीड मिनिट चालले, पांढरा धूर, बंद.

"धूर पांढरा? नक्की?"

"नक्की. करडा-पांढरा."

"बेन्झिने कधीची आहे?"

"माहीत नाही. फळीवर होती. पेट्रोल."

"काय?"

"पेट्रोल. डब्यातलं."

हेंकने कानाला हात लावला. "डब्यावर काय लिहिलंय ते वाच."

मी शेडमध्ये जाऊन डबा आणला आणि त्याच्याकडे अक्षरे करून उंच धरला.

त्याने डोळे बारीक करून ती अक्षरे वाचली. मग म्हणाला, "ते माझी आजी दिव्यात घालायची, बूरव्राउ." आणि नंतर, जरा हळू, "वास नाही आला तुला?"

"तीन आठवडे कशाचाच येत नाही."

हेंक एक पाऊल मागे सरकला. ते त्याच्या नकळत झाले असावे. मग पुन्हा पुढे आला, पुलाच्या पहिल्या फळीपर्यंत. "नवरा कसा आहे?"

"सिलिंडरवर. चारपर्यंत."

त्याने घड्याळ पाहिले. मी पाहिले नाही.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी धरायची नाही, ही सवय. हेंकने झाडे कापायच्या यंत्राचे ताजे पेट्रोल लाल डब्यातून आणले, पुलाच्या मधोमध ठेवले आणि आपल्या दारापर्यंत मागे गेला. मग मी जाऊन उचलले. त्या वर्षभरात अंडी, औषधे, वाढदिवसाचा केक, सगळे याच पद्धतीने पुलावरून आले-गेले होते. शेडमध्ये मी फुकट वाटले जाणारे स्थानिक वर्तमानपत्र पसरले. डावीकडे निळ्या डब्यातला थेंब, उजवीकडे लाल डब्यातला. उजवीकडचा डाग आकसत गेला आणि काही मिनिटांत कागद पूर्वीसारखा झाला. डावीकडचा पसरत गेला. कागद तेलकट, पारदर्शक झाला आणि मागच्या पानावरची अक्षरे उलटी दिसू लागली. पुण्यात आमच्या छपाईखान्यात यंत्रावरचे लोक रॉकेलच्या बोळ्याने रूळ पुसत, त्याच हातांनी पहिली प्रत वर आणून देत. त्या प्रतीवर अंगठ्याचा असाच डाग असे आणि त्यातून मागच्या पानाची बातमी उलटी दिसे. तो डाग मी हजारदा पाहिला होता. बोटांत चोळून पाहिले. बुळबुळीत.

मला धीर आला असे म्हणता येणार नाही. चूक काय ते कळले होते, आणि ती माझी होती, आणि साडेअकरा वाजले होते.

पुढचे काम हेंकने पुन्हा पुलाच्या टोकाशी येऊन, ओरडून करून घेतले. कॉक बंद कर. टाकीखालची रबरी नळी काढ, बादलीत सोड, कॉक उघड. दीड लिटर नाही, थोडे कमी आले. बाकीचे माझ्या बाहीत होते. "आता खाली वाटी दिसते का? तिच्या बुडाला एक बोल्ट." दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सुटेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला. "उलटं फिरवतेयस," हेंक म्हणाला. मी खरोखर उलटे फिरवत होते. वाटी निघाली. तिच्यात रॉकेल, तळाशी पाण्याचे दोन गोल थेंब, आणि कडेला मधासारखा चिकट पिवळा थर.

"मधल्या पितळी तुकड्याला भोक आहे. उजेडाकडे धर. आरपार दिसतं?"

"नाही."

"सुई घालू नकोस! भोक मोठं होईल. विजेची जुनी वायर आहे? सोल. आतली एकच तार घे."

जुन्या दिव्याची वायर सोलून एक तांब्याची तार काढली. पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदा गेली. भोक उजेडाकडे धरले तेव्हा त्यातून बर्फाचा एक पांढरा टिपका दिसला. वाटी लाल डब्यातल्या पेट्रोलने विसळली, रबरी कडे होते तसे बसवले, प्लग पुन्हा पुसला. तेलाची काडी काढून हेंकला दाखवली. पातळी वाढलेली नव्हती, म्हणजे रॉकेल इंजिनाच्या तेलात उतरले नव्हते. ताजे पेट्रोल, कॉक चालू, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा तीनदा दाबला, चोक पूर्ण.

सातव्या ओढीला इंजिन सुरू झाले. बारा पन्नास. चोक आत ढकलला की ते धापा टाकू लागे. अर्धा ओढून ठेवला की चाले. "तसंच ठेव!" हेंक ओरडला. "दुसरं, त्याहून बारीक भोक अजून बुजलेलं आहे. हात लावू नकोस. जा!"

आजकाल वास परत आला आहे, पण जसाच्या तसा नाही. कॉफीला जळक्या रबराचा वास येतो, कोथिंबिरीला साबणाचा, आणि पेट्रोलला कुजलेल्या कांद्याचा. डॉक्टर म्हणतात असे काहींचे होते, हळूहळू सुधारते. रॉकेलचा वास कसा येतो ते मला माहीत नाही. निळा डबा मी पालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. तिथल्या माणसाने झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. बर्फाचा अंदाज आला की शेजारपाजारची मुले आनंदाने सायकली आत घेऊन घसरगाड्या बाहेर काढतात. मी शेडमध्ये जाऊन पेट्रोलच्या नव्या डब्यावर मार्करने लिहिलेली भरल्याची तारीख वाचते. मग डब्यावरचे नाव वाचते. मग पुन्हा वाचते.

त्या दुपारी यंत्राचा पट्टा जेमतेम दोन फूट रुंद होता. गाडीला वाट करायची तर चार फेऱ्या, दर फेरीत जाताना बर्फ उडवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यातून परत यायचे. दर फेरीला घराकडच्या टोकाला वळताना मी खिडकीकडे पाहायचे आणि सुहासने हात वर करायचा, असे फोनवर ठरले होते. इंजिनाच्या आवाजात फोन ऐकू येत नव्हता. सुरुवात घरापासूनच केली होती, म्हणून जाताना पाठ, येताना तोंड. चारशे मीटर पाठ. बर्फ ओले, जड. पाती अडत, इंजिनाचा आवाज पडे, आणि प्रत्येक वेळी तो पडला की माझे हात दांड्यावर आवळले जात. दोनदा अर्ध्या वाटेवर थांबून उभ्या-उभ्याच श्वास घेतला. पहिल्या परतीला हात वर होता.

दुसऱ्या परतीला नव्हता.

दांडा सोडला की पाती थांबतात, इंजिन मोकळे फिरत राहते. आमचे राहील की नाही, हे माहीत नव्हते. अर्ध्या चोकवर, बुजलेल्या बारीक भोकावर ते थांबले तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. मी हाक मारली. खिडकीत हालचाल झाली नाही. मी दांडा सोडला आणि बर्फातून खिडकीशी गेले.

सुहासचे डोळे मिटलेले होते. तोंड थोडे उघडे. नळी नाकात होती. काचेवर माझ्याच श्वासाचे बाष्प धरत होते. मी ते पुसून पांघरुणाकडे पाहिले. ते वर आले. खाली गेले. मी मोबाइलवर एक मिनिट लावले आणि मोजले. मिनिटाला चोवीस. काचेवर बोटाने टकटक केले. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि बोटाचा चिमटा काचेकडे वळवून धरला. एक्याण्णव.

"झोप लागली," असे ओठ हलले.

"झोपू नकोस!" मी ओरडले. काचेतून ते कसे दिसले असेल माहीत नाही.

मागे इंजिन चढत-पडत चालू होते.

तिसरी फेरी. चौथी फेरी. चौथ्या फेरीत वाटेच्या तोंडाशी पांढरी गाडी येऊन थांबलेली दिसली, मागचे दिवे लुकलुकत होते. तीन वाजून नऊ मिनिटे झाली होती. शेवटचे साठ-सत्तर मीटर उरले होते आणि गाडीतला माणूस खाली उतरून माझ्याकडे पाहत उभा होता. त्याने एकदा घड्याळ पाहिले. मी हात केला. त्यानेही केला, मग गाडीच्या मागून फावडे काढून त्याने आपल्या बाजूने सुरुवात केली. आम्ही एकमेकांकडे सरकत गेलो आणि दोन मीटरवर थांबलो.

"इथे बर्फाचं असलं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं," तो मास्कमधून म्हणाला. "चालतं तर!"

मी कॉक बंद केला.

गाडी तीन चोवीसला दाराशी आली. चालकाने नवे यंत्र आत नेले, मी बाहेर उभी राहिले. मी त्याला विचारले, माझ्या हातांना पेट्रोलचा वास येतो का. त्याने मास्क जरासा खाली ओढला आणि लांबूनच वास घेतला. "येतो," तो म्हणाला. "बाहेरच थांबा." सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. नव्या यंत्रातून ऑक्सिजन तीन अडतीसला सुरू झाला. चालकाने कागदावर वेळ लिहिली. सह्या त्या दिवसांत घेत नसत. साडेचारला बोटावरचा आकडा त्र्याण्णव होता, सहाला चौऱ्याण्णव.

ऑक्सिजनचे ते नवे यंत्र आमच्याकडे एकोणीस दिवस होते. विसाव्या दिवशी तोच चालक ते न्यायला आला. सुहासने ते खोलीतून स्वतः ढकलत दारापर्यंत आणले.